बॉर्डरपर्यंतचे पब

आधीच सांगून टाकतो, मी पिणाऱ्यांतला नाही. एक बिअर पोटात गेली की मला झोप येते आणि दुसरी गेली की मी उपदेश करायला लागतो. तरीही कोविडच्या पहिल्या वर्षी, सप्टेंबरात, सिडनीहून उत्तरेला निघालो तो पबमागून पब करत क्वीन्सलंडच्या बॉर्डरपर्यंत गेलो. बॉर्डर म्हणजे दोन राज्यांमधली. कोल्हापूरहून निपाणीला जाताना बॉर्डर कधी आली ते जसं कळतही नाही, तसंच इथंही होतं. त्या वर्षी मात्र तिथे पोलिस उभे राहिले, आणि माझी बायको पलीकडे राहिली.

बायकोचं नाव शर्वरी. ती फिजिओथेरपिस्ट आहे. फेब्रुवारीत तिला क्वीन्सलंडमधल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलात पर्मनंट नोकरी लागली. माझं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम सिडनीत, घर पेंडल हिलला भाड्याचं. ठरलं असं की ती तिकडे राहील, मी इकडे, आणि शुक्रवारी दोघांतलं कुणीतरी विमानात बसेल. असे चारेक शुक्रवार झाले असतील, तेवढ्यात सगळं बंद. जुलैत थोडे दिवस बॉर्डर उघडली, मी तिकीट काढलं, बॅग भरली, आणि सिडनी हॉटस्पॉट म्हणून जाहीर झालं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

हॉस्पिटलातल्या एका नर्सकडून शर्वरीला कळलं की वॉलंगारा नावाच्या गावात बॉर्डर भर वस्तीतून जाते, तिथे प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून लोक आपल्या माणसांना भेटतात. ती टूवूंबाहून दोन तासांत पोहोचली असती. मला गाठायला सिडनीहून सातशे किलोमीटर होते. मी आठवड्याची रजा टाकली. मनाशी एकच ठरवलं होतं: तिला समोर उभं करून सांगायचं, पुरे झालं, परत ये. फोनवर हे बोलायचा धीर मला सहा महिन्यांत झाला नव्हता. आमचे फोन हल्ली जेवलास का, जेवलीस का, एवढ्यावर येऊन थांबत.

आता पबांचं. आमचं लग्न जमलं ते इंग्लंडात, यॉर्कच्या एका पबमध्ये. दोघंही तिथे शिकायला होतो. शर्वरी संध्याकाळी नदीकाठच्या एका पबमध्ये काम करायची, आणि मी अर्ध्या पाइंटवर अख्खी संध्याकाळ काढून तिला खोलीवर सोडायला थांबायचो. यॉर्कला पबांना तोटा नाही. तटबंदीच्या आत पाच मिनिटं चाललात तर तीन लागतात, आणि त्यांतल्या निदान दोहोंत भूत आहे असं मालक अभिमानानं सांगतो. छत इतकं खाली की माझ्यासारख्या बुटक्यालाही उंच असल्याचा भास होतो. शनिवारी आजूबाजूच्या गावांतून ट्रेन भरभरून पोरी यायच्या, कडाक्याच्या थंडीत बिनबाह्यांच्या कपड्यांत, कुणाचं तरी लग्न ठरलेलं असायचं. रविवारी क्विझ असे. आम्ही नेहमी हरायचो, कारण प्रश्न असायचे इंग्लिश टीव्ही मालिकांवर आणि आमच्याकडे टीव्ही नव्हता. एका कोपऱ्यात चार-पाच म्हातारे फिडल, बासरी घेऊन बसायचे. त्यांना कुणी बोलवायचं नाही, पैसे द्यायचं नाही, पण सगळा पब त्यांच्याबरोबर गायचा.

शर्वरीच्या पबमध्ये भिंतीवर रेघा होत्या, कुठल्या साली नदीचं पाणी कुठवर चढलं त्याच्या. दर हिवाळ्यात पाणी शिरायचं, मालक खुर्च्या वर चढवायचा, पाणी उतरलं की फरशी धुऊन दार उघडायचा. तो पब यंदा बंद आहे असा फोटो तिथल्या जुन्या मैत्रिणीने पाठवला होता. शर्वरीला तो पाहून रडू आलं असावं, कारण तिने फोन लगेच ठेवला. मला तर आलंच.

आर्मिडेल

सिडनीच्या उत्तरेला डोंगर चढून गेलं की जो पठारी मुलूख लागतो त्याला न्यू इंग्लंड म्हणतात. मला वाटलं, नाव मोठं लक्षण खोटं असणार. पण आर्मिडेलमध्ये शिरलो आणि गाडीचा वेग आपोआप कमी झाला. दोन कॅथीड्रल, विटांच्या इमारती, ओक आणि एल्मच्या झाडांना नुकती पालवी फुटलेली, आणि सप्टेंबर म्हणजे इथला वसंत असूनही हवेत असा गारवा की जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागली. यॉर्क नव्हे ते. यॉर्कला दोन हजार वर्षांचा इतिहास, इथे दीडशे-पावणेदोनशेचा. दुधाची तहान ताकावर भागवायची, पण ताक चांगलं होतं.

संध्याकाळी मेन स्ट्रीटच्या पबमध्ये गेलो. दारात एका मुलीने फोनवरून माझं नाव-नंबर नोंदवून घेतला, हातावर सॅनिटायझर ओतलं आणि नियम सांगितले. बसूनच प्यायचं. बारपाशी उभं राहायचं नाही. टेबल बदलायचं नाही. नाचायचं नाही. आणि हे सांगताना तिला स्वतःलाच कसंतरी झालं, पण तिने सांगितलं, गायचं नाही. गाण्याने विषाणू पसरतो.

मी एकट्याचं टेबल पकडलं. एका टोकाला एक दाढीवाला गिटार घेऊन बसला होता. त्याला गायची परवानगी होती, आम्हाला नव्हती. त्याने दोन-तीन गाणी अशीच म्हटली आणि मग एक असं सुरू केलं, जे इथल्या शाळेतल्या पोरापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. मला वाटतं, त्याची ती चूकच झाली. पब एकदम ताठ झाला. शेजारच्या टेबलावर एक बाई होती, साठीची, शेतावरचे बूट घातलेली. तिने ओठ आत ओढून घट्ट मिटले. तिचा नवरा ग्लासच्या कडेवर बोट आपटत होता. टेबलांखाली सगळीकडे पाय हलत होते आणि वर कुणाच्या तोंडातून आवाज नाही. धृपद आलं तेव्हा गिटारवाल्याने सवयीने गाणं थांबवून हात पुढे केला, लोकांनी उचलावं म्हणून. कुणी उचललं नाही. तो हात तसाच राहिला, मग त्याने तो खाली घेतला आणि धृपद स्वतःच म्हटलं.

मला तिथे शर्वरीची इतकी आठवण आली की चिकन पार्मी, म्हणजे चीज-सॉस घातलेलं तळलेलं चिकन, अर्धं टाकून मी उठलो. ती असती तर गायली असती. नियम मोडून नव्हे, पण विसरून.

ग्लेन इन्स

इथे थांबलो तो फक्त पायसाठी, म्हणजे आत मटण आणि ग्रेव्ही भरून भाजलेल्या पेस्ट्रीसाठी. बेकरीतली मटण पाय घेऊन गावाबाहेरच्या टेकडीवर गेलो. तिथे हत्तीएवढे धोंडे गोलात उभे केलेत. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून, आयर्लंडहून आलेल्यांच्या पणतवंडांनी, तिकडच्या आठवणीसाठी. घरची आठवण आली की माणसं काय काय उभं करतील सांगता येत नाही. आपल्या लोकांनी पेंडल हिलला स्टेशनसमोर वडापावचं दुकान उभं केलं, यांनी धोंडे. दोन्ही पाहून पोट भरतंच असं नाही. वारा इतका होता की पायमधली ग्रेव्ही थेट माझ्या पांढऱ्या शर्टावर आली. शर्वरीला भेटायला जाताना घालायचा म्हणून तो शर्ट वेगळा ठेवला होता आणि सकाळी उतावीळपणे तोच अंगात चढवला होता.

टेंटरफिल्ड

बॉर्डरच्या अलीकडचं शेवटचं मोठं गाव. भेट दुसऱ्या दिवशी दुपारची, म्हणून इथे मुक्काम. या देशात लहान गावातल्या पबला हॉटेल म्हणतात, कारण वर राहायच्या खोल्या असतात. लोखंडी नक्षीची गॅलरी, लांबच लांब लाकडी पॅसेज, टोकाला सामायिक बाथरूम, खोलीत एक पलंग, एक किटली आणि पडद्यांना जुन्या सिगारेटींचा वास. मालकीण शेरिल, पन्नाशीची, आवाज घोगरा. मी शर्टावरचा डाग झाकत किल्ली घेत होतो, तर काय झालं हे न विचारता तिने तो शर्ट मागून घेतला आणि पबच्या टॉवेलांबरोबर मशीनमध्ये टाकला.

शुक्रवार होता. शुक्रवारी इथल्या पबांत मीट रॅफल असते. आपल्याकडे गणपतीत साडीची सोडत असते ना, तशी इथे कच्च्या मटणाची. चॉप्स, सॉसेज, बेकन असा एक मोठा ट्रे. मी शेरिलच्या आग्रहाखातर तिकीट घेतलं. म्हणजे तिने आग्रह केला नाही, नुसतं पाहिलं, पण मी आग्रह समजलो.

माझ्या समोरच्या टेबलावर, दीड मीटर राखून, कॉल नावाचे एक गृहस्थ होते. आयुष्यभर कौन्सिलचे रस्ते सारखे करणारं मशीन चालवून आता रिटायर झालेले. त्यांनी मला विचारलं, कुठून, कुठे, आणि बायकोला भेटायला असं कळल्यावर हॅट काढून टेबलावर ठेवली. त्यांची स्वतःची मुलगी पलीकडे होती, स्टॅनथॉर्पला, अर्ध्या-पाऊण तासावर. तिला बाळ झालं होतं, त्यांनी अजून ते हातात घेतलं नव्हतं. माझा ग्लास रिकामा झालेला पाहून ते म्हणाले, माय शाउट. म्हणजे आता मी पाजतो.

मी म्हणालो, "नो, नो, आय अॅम फाइन."

आता तुम्ही-आम्ही सगळे जाणतो की याचा अर्थ काय होतो. याचा अर्थ, अहो अजून एकदा म्हणा. यजमानाने म्हणायचं, असं कसं, घ्यायलाच पाहिजे. पाहुण्याने पुन्हा म्हणायचं, खरंच नको हो. तिसऱ्यांदा यजमान वाढतोच. कॉल म्हणाले, "नो वरीज, मेट," आणि शेरिलला सांगून स्वतःची एक मागवली. मी रिकाम्या ग्लासकडे बघत बसलो. या देशात दहा वर्षं झाली, सिटिझन झालो, तरी जिभेचं वळण सदाशिव पेठेतलंच. भीड भिकेची बहीण, हे आमच्या आजोबांनी घोटून पाठ करून घेतलं होतं, पण पाठच.

आणि तिथे, त्या रिकाम्या ग्लाससमोर, मला फेब्रुवारी आठवला. नोकरीचं पत्र आलं त्या संध्याकाळी शर्वरीने पोळ्या लाटता लाटता मला विचारलं होतं, "तू येतोस का माझ्याबरोबर?" मी म्हणालो होतो, "नको, तू जा. मी इथलं बघतो." आणि मग दोन दिवस मी वाट पाहिली होती. ती पुन्हा विचारेल, म्हणेल, असं कसं, चल की. तिने विचारलं नाही. तिने बॅग भरली. तिला मी नकोच आहे बरोबर, असं मी ठरवून टाकलं, आणि सहा महिने त्याचा राग जपून ठेवला. इतका जपला की फोनवरही तो जेवलीस का एवढ्यापुरताच बाहेर यायचा.

मीट ट्रे मला लागला. कॉल टाळ्या वाजवायला लागले, सगळा पब बसल्या जागी टाळ्या वाजवायला लागला, आणि मी दोन-तीन किलो कच्चं मटण हातात घेऊन उभा राहिलो. उभं राहायला बंदी आहे याची आठवण मला शेरिलने करून दिली.

जेनिंग्ज

अलीकडचं गाव जेनिंग्ज, पलीकडचं वॉलंगारा. खरं तर गाव एकच. रेल्वे स्टेशनही एकच, पण त्याच्या एका बाजूचं छप्पर न्यू साउथ वेल्सच्या धर्तीचं आणि दुसऱ्या बाजूचं क्वीन्सलंडच्या. पूर्वी दोन राज्यांचे रूळ वेगवेगळ्या रुंदीचे होते, म्हणून प्रवासी इथे एका गाडीतून उतरून प्लॅटफॉर्म ओलांडून दुसरीत बसायचे. तेव्हा निदान ओलांडता येत होतं.

एका गल्लीत प्लॅस्टिकचे ठोकळे लावले होते, कमरेइतके उंच. पलीकडे एक तरुण पोलिस. ठोकळ्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-चार कुटुंबं खुर्च्या टाकून बसलेली, शाळेच्या गॅदरिंगला बसावीत तशी. शर्वरी आधीच आली होती. केस कापले होते तिने, हे मला व्हिडिओवर कधी दिसलंच नव्हतं, किंवा मी पाहिलं नव्हतं. तिने माझा शर्ट पाहिला आणि म्हणाली, "इस्त्री कुणी केली?" मी म्हणालो, शेरिलने. मग शेरिल कोण, हे सांगण्यात बराच वेळ गेला आणि दोघांनाही ते बरंच वाटलं.

मी बर्फाच्या पेटीतून तो मीट ट्रे काढून ठोकळ्यावरून तिला दिला. सहा महिन्यांनी बायकोला भेटलो आणि काय दिलं, तर सॉसेज. तिने डबा आणला होता. भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. भाकरी तांबूस होती. टूवूंबाच्या आसपास ज्वारीची शेतं आहेत, मैलोन् मैल, पण ती ज्वारी गुरांसाठी. गुडघा बसवलेल्या एका शेतकऱ्याला तिने व्यायाम शिकवला, त्याने विचारलं तुझ्यासाठी काय आणू, ती म्हणाली, ज्वारी. त्याला वाटलं हिने गाय पाळली आहे. पोतंभर आणून दिली. मिक्सरमध्ये दळून तिने पहिली भाकरी त्यालाच खाऊ घातली. हे सगळं ती सांगत होती आणि मला कळत होतं की त्या गावात तिला लोक ओळखतात. पेंडल हिलला आम्हाला आठ वर्षांत शेजाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं.

ठोकळ्याचंच टेबल करून आम्ही उभ्याने जेवलो. मग मी जे बोलायला आलो होतो ते बोललो.

"शर्वरी, पुरे झालं आता. परत ये."

तिने तुकडा चटणीला लावला, पण खाल्ला नाही. "निखिल, मला तुझी आठवण येते. रोज येते. त्या फ्लॅटची एकदाही आली नाही."

"मग तेव्हा मला पुन्हा एकदा विचारायचंस तरी."

"तू नको म्हणालास."

"पहिल्यांदा म्हणालो."

तिने तुकडा डब्यात परत ठेवला. मग म्हणाली, "माझ्या आईचं नको आयुष्यात कुणी ऐकलं नाही. जेवणातलं नाही, कशातलंच नाही. लग्नाच्या वेळीच मी ठरवलं होतं, आपल्या घरात नको म्हणजे नको. तुझं ऐकलं मी. ते ऐकताना मला काय झालं, ते तू विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. मी माझ्याच पानाकडे बघत बसलो होतो, कुणी वाढेल म्हणून. हे मी तिला सांगितलं, जसं जमलं तसं. ती रडली, मीही रडलो, आणि मास्क ओला झाला की किती घाण लागतो हे दोघांनाही कळलं.

"आणि तुझं ऑफिस मार्चपासून बेडरूममध्ये आहे," ती नाक पुसत म्हणाली. "टूवूंबात घरांना बेडरूम नसतात?"

सहा महिने मी पलंगाच्या कडेला बसून काम करत होतो आणि हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. मठ्ठ माणसाला इंजिनिअर करतात की इंजिनिअर झाल्यावर असं होतं, कोण जाणे.

"येतो," मी म्हणालो.

म्हणालो खरा. आमच्या मध्ये दोन हातांचं प्लॅस्टिक होतं आणि येणं शक्य नव्हतं. तिला पाऊल टाकून इकडे येता आलं असतं, पण मग परत जाताना दोन आठवडे हॉटेलात कोंडून घ्यावं लागलं असतं, आणि हॉस्पिटलात माणसं आधीच कमी. मला तर पाऊलही टाकता येत नव्हतं. हात लावू नये, अशी पाटी होती. आम्ही लावला. पोलिसाने पाहिलं, आणि थोड्या वेळाने अगदी हळू आवाजात म्हणाला की मागे आणखी लोक थांबलेत. खरंच थांबले होते. कॉल होते, हॅट हातात घेऊन, आणि पलीकडे त्यांची मुलगी बाळाला उंच धरून उभी होती.

पुन्हा टेंटरफिल्ड

मी सिडनीला परत गेलो ते घर सोडायला. फर्निचर पेंडल हिलच्याच एका नव्या आलेल्या जोडप्याला दिलं. मित्र म्हणाले, वेडा आहेस का, बॉर्डर अजून बंद आहे, जाणार कुठे. पण बोलवा अशी आहे की सिडनी सोडून बाकीच्या राज्याला क्वीन्सलंड आधी उघडेल. म्हणून मग सिडनीत राहायचंच नाही, असं मी ठरवलं. ऑफिसला वाय-फाय पुरतं, आणि ते शेरिलच्या पबमध्ये आहे.

गेले तीन आठवडे मी वरच्या खोलीत राहतो. सकाळी किटलीच्या शेजारी लॅपटॉप उघडतो. दुपारी खालून तळलेल्या बटाट्याचा वास येतो. रविवारी बॉर्डरवर जातो, डबा आणतो. मी हे लिहितोय तेव्हा खाली गिटार चालू आहे आणि अजूनही कुणी गात नाही. शेरिलने पहिल्या दिवशी विचारलं होतं, खोली किती दिवस हवी. मी बॉर्डरच्या दिशेने हात केला, तर तिने वहीत नुसतं माझं नाव लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली.

टूवूंबा इथून दोनशे किलोमीटर आहे. कुणी बोलवायची वाट मी आता बघत नाही. मला घाई आहे.